पैशाला परवडणारी सायकल

दसऱ्याच्या सकाळी जगदीशने घातलेला हार टिकला. ज्या सायकलला घातला ती टिकली नाही.

जगदीश भोईरचं चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला दुचाक्यांचं गॅरेज आहे. दसऱ्याला गावातल्या प्रत्येक गाडीला पहिला हार आपल्या हातचा पडला पाहिजे, असा त्याचा हट्ट असतो. हा मान त्याला कुणी दिलेला नाही; पण इतकी वर्षं तो घेतोय म्हटल्यावर आता काढून कोण घेणार? शिवाय त्याचा हार दोऱ्यातला नसतो. जुन्या क्लचवायरी उसवून त्यातल्या बारीक तारांत तो झेंडू, आंब्याची पानं आणि मधे मधे भाताच्या पिवळ्या लोंब्या ओवतो. बाजारचा हार संध्याकाळी मान टाकतो. जगदीशचा हार दिवाळीच्या साफसफाईत पकडीने तोडावा लागतो.

तर गावभर हार घालत घालत तो रोहिदास कडवच्या पडवीत आला आणि जागीच थबकला. रोहिदासच्या म्हाताऱ्या काळ्या सायकलीशेजारी दुसरी एक सायकल टेकून उभी होती. निळी, सडपातळ, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, आणि टायर असे बारीक की नवरात्राचे कडक उपास त्यांनीच केले असावेत. जगदीशला भरून आलं. रोहिदास असली सायकल घेणार, घेणार, हे सगळा गाव दोन वर्षं ऐकत होता. अखेर घेतली तर गड्यानं. आणि सांगितलं नाही. मनात म्हणाला, असू दे, लाजला असेल.

रोहिदास आंघोळीला गेला होता. नंदावहिनी आत पुऱ्या तळत होत्या. त्यांनी आतूनच सांगितलं की भावजी, जरा त्यांना बाहेर येऊ द्या. जगदीशने ते ऐकलं, पण तोवर हळदकुंकू लावून झालं होतं. हँडलला एक हार झाला, सीटला एक झाला, आणि सीटचा लांब होता तो मागच्या चाकावर छान रुळत राहिला. मग राहिलं लिंबू. पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी त्याच्यावरून न्यायची, ही रीत. ट्रॅक्टर नेतात, टेंपो नेतात, रिक्षा नेतात. जगदीशने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, स्वतःचं भरगच्च शरीर त्या चिमुकल्या सीटवर बसवलं आणि देवाचं नाव घेऊन पायडल मारलं.

टायर इतकं बारीक की लिंबू फुटलंच नाही. ते सटकून तुळशीकडे गेलं. सायकल डगमगली, जगदीशने सावरायला म्हणून आणखी जोर लावला, आणि मागून आधी झेंडूची फुलं उडाली, मग करकर आवाज आला, मग कट्‌कन एक. मागच्या चाकात गेलेला हार गिअरला घेऊन गेला होता, आणि गिअर ज्या कानाला टांगलेला असतो तो कान मोडून गिअर स्पोकमध्ये आडवा पडला होता. तार शाबूत होती. लोंब्यासुद्धा जागच्या हलल्या नव्हत्या.

रोहिदास टॉवेल गुंडाळून बाहेर आला. कानाजवळ साबण होता. तो ओरडला असता तर जगदीशला बरं वाटलं असतं. पण तो सायकलीपाशी उकिडवा बसला, लोंबणाऱ्या गिअरला त्याने एक बोट लावलं आणि शांतपणे म्हणाला, "ही माझी नाय रं."

सायकल साईराजची होती. साईराज म्हणजे मुंबईचा तरुण, कर्जतच्या बाजूला त्याचं सुट्टीचं घर. दर रविवारी जुन्या हायवेने घाटाकडे जाणाऱ्या सायकलवाल्यांतला एक. त्याने नवी घेतली होती आणि ही काढायची होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो सायकल रोहिदासकडे ठेवून गेला होता: काका, रविवारपर्यंत चालवून बघा, आवडली तर ठेवा, नाहीतर दुपारी येऊन घेऊन जातो. रोहिदासने ती रात्रभर पडवीत ठेवून नुसती पाहिली होती. बसला नव्हता. पहिला बसला तो जगदीश.

आता इथे रोहिदास म्हणजे काय वल्ली आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एका गिअरचं एवढं काय घेऊन बसलात.

रोहिदास रसायनीच्या एका कंपनीत ऑपरेटर. पन्नाशी ओलांडलेला, काटक, आणि एका जागी बसेल तर शपथ. चहा तो उभ्याने पितो, जेवताना गुडघा हलवतो, आणि एसटीची वाट बघायला थांब्यावर न थांबता पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातो, त्यात एसटी मधेच निघून जाते. असला अस्वस्थ माणूस निर्णय झटपट घेत असेल असं कुणालाही वाटेल. तसं नाही. त्याचे पाय घाईत असतात आणि मन तुलनेत. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की त्या पैशात दुसरं काय येतं, तिसरं काय येतं, आणि गेल्या वर्षी याच पैशात काय येत होतं, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. घराला फरशी घालायची ठरली तेव्हा त्याने पनवेलपासून खोपोलीपर्यंतची दुकानं पालथी घातली. तोवर पसंत पडलेली फरशी बनवणारी कंपनीच बंद झाली. नंदावहिनी एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "माझ्या वेळंला बरं लगीच हो म्हणलात." त्यावर रोहिदास मान खाली घालून म्हणाला, "तवा दुसरं स्थळ आलंच नव्हतं." त्या दिवशी त्याला जेवण वाढलं, पण मीठ दिलं नाही.

मोटरसायकलही त्याने याच कारणाने घेतली नाही. कंपनीतली सगळी माणसं एकामागून एक दुचाक्यांवर गेली. रोहिदास या गाडीचं ॲव्हरेज आणि त्या गाडीची चेन यांची तुलना करत राहिला, आणि तुलना संपेपर्यंत जायला काहीतरी हवं म्हणून काळी सायकल चालवत राहिला. अशी वीसेक वर्षं गेली. म्हणजे गावातला सर्वांत पक्का सायकलवाला हा मोटरसायकल न ठरवता आल्यामुळे तयार झाला.

जगदीशच्या गॅरेजशेजारी एक ढाबा आहे. रविवारी सकाळी रंगीत कपड्यांतले सायकलवाले तिथे मिसळ खायला थांबतात आणि सायकली भिंतीला टेकवतात. दोन वर्षांपूर्वी रोहिदास तिथे पहिल्यांदा उकिडवा बसला, आणि तिथून त्याला हे वेड लागलं. ते आत पाव बुडवताहेत आणि हा बाहेर एका बोटाने पायडल फिरवतोय. मग बाहेर आलेल्या प्रत्येकाला विचारायचा: मागचा गिअर कुठला? पुढचा कुठला? ब्रेक तारेचा का तेलाचा? केवढ्याला घेतली? कधी घेतली? लोक हौसेने सांगायचे. हौशी माणसाला वस्तूबद्दल विचारलं की तो मिसळसुद्धा निवू देतो.

होता होता रोहिदासचं एक मत तयार झालं आणि ते त्याने चौकात, कंपनीत, हळदीच्या मांडवात, जिथे जागा मिळेल तिथे मांडलं. मत असं: या सायकली आता पैशाला परवडत नाहीत. पूर्वी जेवढ्यात वरच्या दर्जाचा गिअर मिळायचा तेवढ्यात आता खालचा मिळतो. त्यातही कंपनी हुशार. मागचा गिअर, जिथे गिऱ्हाइकाची नजर आधी जाते, तो भारी लावतात. पुढचा साधा, ब्रेक त्याहून साधा, चेन तर विचारूच नका, आणि चाकं अशी जड की बैलगाडीनं उसनी दिली असावीत. "टोपलीत वरती लालबुंद टमाटं आनि खाली सगळी दबलेली," असं तो म्हणायचा. आणि हे सगळं स्कूटरच्या पैशात. स्कूटरला निदान इंजिन तरी असतं.

साईराज त्याच्याशी वाद घालायचा. त्याचं म्हणणं, काका, आजचा खालच्या दर्जाचा गिअर दहा वर्षांपूर्वीच्या वरच्या गिअरसारखा चालतो. नाव बघू नका, काम बघा. शिवाय ब्रेक सुधारले, टायर सुधारले, त्याचे पैसे कुठेतरी जाणारच. रोहिदास सगळं ऐकून घ्यायचा, गुडघा हलवायचा आणि विचारायचा, "मंग त्याच पैशात भारी गिअर न्‌ भारी ब्रेक दोनी का देत नायत?" याचं उत्तर सायकल बनवणाऱ्यांकडेही नसावं.

असा हा रोहिदास दसऱ्याच्या दिवशी नुसत्या टॉवेलात बसून दुसऱ्याच्या सायकलीचा मोडका कान तळहातावर घेऊन बघत होता, आणि समोर जगदीश कपाळाला कुंकू लावून उभा होता.

जगदीशने आधी वेल्डिंगचं सुचवलं. त्याच्या गॅरेजात न सुटणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेल्डिंग असतं. साईराजला कळायच्या आत जोडून, घासून, वरून निळा रंग मारतो म्हणाला. रोहिदासने नकाराची मान हलवली. तो तुकडा ॲल्युमिनियमचा होता, जगदीशच्या मशिनखाली त्याचं पाणी झालं असतं. आणि तसं झालं नसतं तरी रोहिदासने ते करू दिलं नसतं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. हाराचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं, फक्त जगदीशचं वजन सांगितलं नाही.

पलीकडून साईराज हसायला लागला. म्हणाला, होतं असं. तो कान मऊच करतात, मार लागला तर त्याने मोडावं आणि सांगाडा वाचावा म्हणून. नवा मागवतो, पण सणाचे दिवस आहेत, वेळ लागेल. गिअर वाकलाय, तोही बघू. रविवारी दुपारी येतो. ठेवणार असाल तर पार्ट मी देतो, नसाल तर आहे तशी नेतो. तुमचं काही लागत नाही. जगदीश मधेच, भरून मी देणार, भरून मी देणार, असं म्हणत होता, पण फोन त्याच्याकडे नव्हता.

फोन ठेवल्यावर रोहिदास दारातून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून दारापर्यंत फिरायला लागला. त्याला त्या कानाने घोर लावला होता. मोडायसाठीच बनवलेला पार्ट. त्याचेही पैसे घेतात. दुपारी जेवता जेवता मात्र तो म्हणाला की सगळ्या सायकलीत तेवढा एकच पार्ट इमानदार दिसतो, सांगून मोडतो. नंदावहिनींनी त्याच्या ताटात आणखी एक पुरी टाकली आणि देवाधर्माच्या दिवशी तरी दुसरं काही बोला म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस जगदीशच्या जिवाला थारा नव्हता. गेली दोन वर्षं तो या सायकलींची टवाळी करत आला होता. स्कूटरच्या पैशात घाम विकत घेणारे लोक, असं तो म्हणायचा. आता मात्र रोहिदासने ही सायकल घ्यावी म्हणून त्याने कंबर कसली. सायकल परत गेली तर मोडकी जाणार, आणि चौकच्या मेकॅनिकने मोडलेली म्हणून जाणार. घेतली तर घरातलंच दुखणं, औषधपाणी घरातच होईल. शिवाय दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी मित्र तळमळतोय ती त्याच्या पडवीत येऊन आपल्यामुळे परत जावी, हे त्याच्या मनाला कुठेतरी बोचत होतं. बोचत होतं म्हणून तो जास्त बोलत होता.

शुक्रवारी पहिली पाळी संपवून रोहिदास त्या सायकलीला हाताने ढकलत गॅरेजवर आला. सायकल स्टँडला टांगली आणि त्याने पार्ट मोजायला घेतले. गिअर मोडल्यामुळे त्याला आतलं सगळं उघडं दिसत होतं. हे भारी, हे चालू, हे तर अगदीच चालू. जगदीश शेजारी उभा राहून एकेकाची तारीफ करत होता. चेन बघून, काय चेन हाय, असं म्हणाला. चाकं बघून, काय चाकं हायत, असं म्हणाला. मग सीटच्या खाली लावलेल्या एका लाल वस्तूला बोट लावून म्हणाला की हा पार्ट तर परदेशी दिसतो.

"तो रिफ्लेक्टर हाय," रोहिदास म्हणाला. "तुज्या स्कूटरला पन हाय."

मग चाकं किती जड आहेत यावर तो बोलायला लागला. बोलता बोलता गॅरेजच्या बाहेर गेला, टपरीवर चहा सांगितला, चहा यायच्या आत परत आला, पुढचा ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. इकडे गिऱ्हाईक स्कूटर घेऊन उभं होतं आणि जगदीशचा हात त्याच्या कार्बोरेटरमध्ये होता, पण डोळे रोहिदासच्या मागे इकडून तिकडे फिरत होते. संध्याकाळपर्यंत त्याची मान अवघडली. रोहिदासचा निकाल काही लागला नाही. घ्यावी तर पार्ट कमी, सोडावी तर याहून बरी कुठे मिळणार. शेवटी, उद्या बघू, म्हणून तो गेला आणि सायकल तिथेच राहिली.

शनिवारी सकाळी नंदावहिनी गॅरेजवर आल्या. मोहोपाड्याला बाजाराला निघाल्या होत्या, पिशवी हातात होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, रोहिदास पाळीवर आहे याची खात्री केली आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

"भावजी, तुमी त्यांना घ्या घ्या म्हणू नका. न्‌ नको पन म्हणू नका."

जगदीश म्हणाला की वहिनी, मग मी म्हणू तरी काय? सायकल मोडलीय मी.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते जगदीशला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थंडीत एका रविवारी रोहिदास काळी सायकल घेऊन त्या रंगीत कपडेवाल्यांच्या मागे मागे घाटात गेला होता. खोपोली सोडून शिंग्रोबाच्या देवळाकडे चढ लागतो ना, तिथे. अर्ध्यात त्याचा दम गेला. उतरला. सायकल ढकलत वर निघाला. मागून येणाऱ्या एका पोराने थांबून, दादा बरं वाटतंय ना, विचारलं आणि हातात केळं दिलं. ते केळं त्याने तसंच घरी आणलं. खाल्लं नाही, कुणाला खाऊही दिलं नाही. ओट्यावर काळं पडेपर्यंत होतं.

"तवापासून हे गिअरचं चाललंय," वहिनी म्हणाल्या. "काळी सायकल, तिला गिअर नाय, म्हनून उतरलो, आसं सांगतात. मी पन हो म्हणते. आता गिअरवाली घेतली न्‌ तरी उतरले, तर मंग कोणाला नाव ठेवायचं?"

पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्या टमटमकडे गेल्या. जगदीशने हातातला पान्हा खाली ठेवला. दोन वर्षं आपला मित्र दुकानदारासारखा पार्ट मोजत होता, असं तो समजत होता. त्याला आपल्या रिफ्लेक्टरवाल्या भाषणाची लाज वाटली. आणि त्याहून जास्त, भीती वाटली. कारण आता त्याला कळलं होतं की उद्या दुपारी साईराज सायकल घेऊन गेला तर रोहिदास पुन्हा पार्ट मोजायला लागेल, आणि मग मरेपर्यंत मोजत राहील. तो चढ मात्र त्याच्याकडून परत कधी होणार नाही.

दुपारी रोहिदास आला तेव्हा जगदीश एक शब्द बोलला नाही. हे इतकं नवीन होतं की रोहिदासने त्याला बरं वाटत नाही का विचारलं. जगदीश पान्हा पुसत राहिला. रोहिदासने सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग रस्त्याकडे तोंड करून, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं विचारलं की मागचा गिअर काढून टाकून, चेन आखूड करून, मागच्या एकाच दातेरी चाकावर ही चालवता येईल का?

येईल, जगदीश म्हणाला. पोरांच्या सायकलींना तो असा इलाज नेहमी करायचा. पण मग ती गिअरची कुठे राहिली? तुझी काळी सायकलच ती, निळा रंग दिलेली.

"कर," रोहिदास म्हणाला. "उद्या वर जाऊन येतो. गिअर नाय हे सगळ्यांना दिसंलच."

आणि तो जरा हसला. खूप दिवसांनी. जगदीशला त्या हसण्याचा अर्थ लागला. उद्या उतरावं लागलं तर नाव ठेवायला आता जगदीश होता, हार होता, दसरा होता. माणसाला एवढा आधार पुरतो. जगदीशने दोन्ही हातांनी मनातल्या मनात ते नाव अंगावर घेतलं आणि कामाला लागला. पुढचं लहान दातेरी चाक धरलं, मागच्यातलं मधलं धरलं. चढाला जड, सपाटीला हलका, कुठंच धड नाही असा मेळ जमला. चेन तोडली, जोडली, ताणून बघितली. फुलांची एक पाकळी अजून स्पोकच्या मुळाशी चिकटून होती, ती नखाने काढली.

रविवारी उजाडायच्या सुमारास दोघे निघाले. रोहिदास सायकलवर, जगदीश स्कूटरवर. स्कूटरला पाण्याच्या बाटल्या, हातोडी आणि तुटली तर असावी म्हणून जुनी चेन. हायवेच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडलं होतं, कुठे कुठे कापणी सुरू झाली होती. सपाटीला रोहिदासचे पाय शिलाई मशिनसारखे फिरत होते आणि सायकल आपली आरामात चालली होती. रंगीत कपडेवाले शेजारून निघून जात होते, हात करत होते. एकाने मागे वळून पाहिलं आणि ओरडून विचारलं की काका, गिअर कुठे गेला? रोहिदासने नुसता अंगठा मागे करून स्कूटरकडे दाखवला. जगदीशने मान खाली घातली, आणि ती घालायला त्याला आज आनंद वाटला.

खोपोली मागे पडली. डोंगरावरून खाली उतरणारे वीजकेंद्राचे मोठे पाइप दिसले आणि चढ सुरू झाला. जगदीशच्या स्कूटरला एवढं हळू जाण्याची सवय नव्हती. ती गचके खायला लागली. तो दोन्ही पाय रस्त्याला घासत मागे मागे राहिला. पुढे रोहिदास सीटवरून उठला होता आणि पायडलवर उभा होता. एक पाय खाली जायचा, सायकल एका बाजूला झुकायची. मग दुसरा जायचा, दुसऱ्या बाजूला झुकायची. मधे इतका वेळ जायचा की जगदीशला वाटायचं, आता हा उतरला. नाही. परत पाय खाली जायचा.

रोज बडबडणारा माणूस. आज त्याच्या तोंडून फक्त श्वास येत होता, आणि तो स्कूटरच्या आवाजातूनही ऐकू येत होता. एका वळणावर रोहिदास सरळ जायचं सोडून रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढायला लागला. मागून एक टेंपो आला, हॉर्न मारत राहिला. जगदीशने स्कूटर आडवी घातली आणि ड्रायव्हरला हात जोडले. टेंपोवाल्याने खिडकीतून पुढे बघितलं, काय चाललंय ते त्याला कळलं, आणि तोही पहिल्या गिअरवर मागे मागे येत राहिला. अशी ती वरात वर निघाली.

मग ते वळण आलं. जगदीशला ते कुणी दाखवलं नव्हतं, पण कळलं. रोहिदासची मान एकदम तिकडे वळली, कठड्याच्या एका दगडाकडे. पायडल थांबलं. सायकल क्षणभर जागच्या जागी डुलत राहिली. जगदीशच्या तोंडाशी आलं होतं: उतर रं, गिअर नाय, कोण काय म्हणणार हाय. वहिनींचं आठवलं. घ्या म्हणू नका, नको म्हणू नका. त्याने ओठ दाताखाली दाबले.

रोहिदासने मान सरळ केली आणि अंगाचं सगळं वजन उजव्या पायावर टाकलं. चेन कुरकुरली. जगदीशने स्वतः जोडलेला दुवा होता तो; त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा रोहिदास वळणाच्या पलीकडे गेला होता.

शिंग्रोबाच्या देवळापाशी टेंपोवाल्याने गाडी न थांबवता एक नाणं देवाकडे टाकलं, रोहिदासला एक हॉर्न दिला आणि पुढे निघून गेला. रोहिदासने सायकल भिंतीला टेकवली. पडला नाही, ओरडला नाही, कुणाला फोन लावला नाही. कठड्यावर बसला. खाली सगळं खालापूर धुक्यातून हळूहळू उघडं पडत होतं, कंपन्यांची धुराडी, मधून जाणारा हायवे. जगदीशने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. मग कळलं. रोहिदासचा गुडघा हलत नव्हता.

फोन वाजला तो साईराजचा होता. कर्जतला पोचलोय, दुपारी येऊ का न्यायला, असं विचारत होता.

"नको येऊस," रोहिदास म्हणाला. "ठेवतो."

साईराजला बहुतेक घासाघीस अपेक्षित होती. तो पलीकडून किंमत थोडी कमी करायचं काहीतरी बोलायला लागला, चाकं जड आहेत हे त्यानेच कबूल केलं. पण रोहिदासने ठीक हाय, ठीक हाय म्हणून फोन ठेवून दिला आणि बाटली परत तोंडाला लावली.

ज्या माणसाने फरशीसाठी तालुका पालथा घातला, त्याने एका शब्दात सायकल घेतली होती. तीही मोडकी, तीही भाव न करता. दोन वर्षं चौकातल्या प्रत्येक माणसाने त्याचं ते गणित ऐकलं होतं. निदान उत्तर तरी कळायला नको?

"आरं पन दोन साल मोजलंस त्याचं काय निघालं?" जगदीशने विचारलं. "पार्ट बघून, पैसं बघून, सांग मला. परवडती का नाय ही सायकल?"

रोहिदासने तोंड पुसलं.

"नाय परवडत."